तुळशीच्या मांडवातला ऊस

तुम्ही आमचा ऊस मारलात. कोयता टोळीचा होता, ट्रॅक्टर माझा होता. पण मारलात तुम्ही, निधी देणाऱ्या साहेबांनी, एका पत्रानं.

इस्लामपूरजवळ माझं एकरभर रान आहे. मीठ फुटलेलं, तीस वर्षं पडीक. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या साक्षीनं तिथं खाऱ्या जमिनीत तगणारा ऊस शोधायला घेतला. दर ओळीत वेगळं वाण; चार वर्षांनी त्यातली एकटी सातवी ओळ डोक्याच्या वर गेली. दिवाळीत एका बियाणं विकणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन तीच ओळ बघून गेला. "बंद पडणार हाय हे," म्हणाला.

तुळशीच्या लग्नानंतर तुमचं पत्र आलं : 'निधी संपला. प्लॉट मोकळा करावा.' साक्षीचा फोन लागेना. ऊसतोड टोळी दारात आलेली. परत गेली तर पुन्हा कवा येईल, काय भरवसा? ऊस कारखान्याला घातला. सरकारी कागद म्हणून बुडख्यांवर रोटरही फिरवला, पुन्हा फुटायला काही उरलं नाही.

चार दिवसांनी साक्षी आली. शिष्यवृत्ती सहा महिने थकलेली, म्हणून साताऱ्यात शिकवण्या घेत होती.

"दादा, ऊस कुठाय?"

"मलाच इचारतीस व्हय? बेणं कंपनीला इकलंस, आन् वर हे नाटक!"

संशय मी तिच्यावरच घेतला, लपवत नाही. तिनं पिशवीतून तेच पत्र काढलं. "मला काल मिळालं," एवढंच म्हणाली.

माझी बायको विजयमाला परड्यातनं ओरडली, "आवं, पोरीवर काय आरडताय? तुळशीच्या मांडवाला पाच ऊस म्याच मोडून आणल्यात. सातव्या वळीतलं. ही बया पानाला हात लावू द्यायची न्हाई, म्हणून गपचिप!"

साक्षी पळत मांडवापाशी गेली. शेंडे वाळलेले, पण कांड्यांवरचे काही डोळे, जिथनं कोंब फुटतो ते, अजून टपोरे होते.

"काकी, चोरी केलीत ते लय बेस केलंत," म्हणाली आणि मांडवाचे ऊस सोडवायला लागली.

अकरा डोळे पिशव्यांत लावले. चार उगवले. त्यांचं बेणं वाढवून पुन्हा पारख व्हायला आणखी चार वर्षं पाहिजेत. पाणी मी घालीन, राखण विजयमाला करील. पण साक्षीनं काय खाऊन मोजमाप घ्यायचं?

ही चार वर्षं निधी मध्येच न तोडता देणार का? आणि बंद पडणार हे आमच्या आधी कंपनीला कुणी सांगितलं? दोन्ही प्रश्नांचं उत्तर लेखी द्या, खाली सही करून.