इथी काहीतरी असते

पंजाबरावांची जुनी पांढरी मारुती त्या सकाळी चालू झाली नाही. ती का चालू होत नाही हे घरात एकट्या कांताबाईंना माहीत होतं.

सेल्फ मारला की इंजिन घरघरायचं, पण पकडायचं नाही. पंजाबरावांनी बोनेट उघडलं, बाह्या वर सारल्या आणि कामाला लागले. सारी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेलेली. बस फाटकातून आत येतानाच तिचं काय दुखतं ते आवाजावरून सांगणारा हा माणूस. रिटायर होऊन बाभुळगावात घर बांधलं, तर लोक पाण्याच्या मोटारीही त्यांच्या अंगणात आणून टाकायचे.

"पेट्रोल येऊन राह्यलं," ते स्वतःशीच बोलले. "बॅटरी चांगली आहे. मंग काहून घेत नाई?"

कांताबाई दारापुढच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दोनेक वर्षांपासून पंजाबरावांचं डोकं दगा देत होतं. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते गेले. एकदा बहिणीला आणायला म्हणून निघाले आणि थेट दिग्रसला एका कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोर सापडले. बहीण तर कधीचीच वारली होती. ते हसण्यावारी नेलं. पण उन्हाळ्याच्या तोंडी यवतमाळ रोडवर त्यांनी सायकलवरच्या एका शाळकरी पोरीला उडवलं. अंजू तिचं नाव. जीव वाचला, पण पाय मोडला. तिचा बाप दारात आला तेव्हा कांताबाईंना वाटलं, आता हा शिव्या देईल. तो नुसता उभा राहिला. म्हणाला, "काका, तुमाले दिसली नाई काय ते?"

"कोण?" पंजाबरावांनी विचारलं.

त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा राजदीप नागपूरहून आला. किल्ली लपवून उपयोग नव्हता. वायरी जोडून गाडी चालू करणं बाबांना डोळे मिटून जमायचं. म्हणून दुपारी बाबा झोपलेले पाहून त्यानं डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि आतला रोटर उपसून आईच्या हातावर ठेवला. बोटभर काळा तुकडा, वर पितळेची पट्टी.

"हा फिरते तवा प्लगाले करंट जाते. हा नसला का गाडी जागची हालत नाई. ठेव कुठंतरी."

"त्याईले समजन न बाबू. झाकण उघडलं का समजन."

"समजलं त मंग पाहू."

कांताबाईंनी तो शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनांच्या मागे सरकवला.

पंजाबरावांनी झाकण तिसऱ्याच दिवशी उघडलं. कांताबाईंचे हात जागीच थांबले. आता हे ओरडणार, घर डोक्यावर घेणार. पण पंजाबराव वाकून त्या मोकळ्या दांडीकडे बघतच राहिले. बोट आत घालून त्यांनी ती दांडी चाचपली, बोट बाहेर काढलं, पुन्हा चाचपली.

"कांता," त्यांनी हाक मारली. "इकडं ये बरं. इथी काहीतरी असते वं."

"काय असते?"

"तेच त आठवून नाई राह्यलं. असते काहीतरी. तुले मालूम आहे काय?"

"मले काय समजते गाडीतलं," कांताबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मोरीत जाऊन त्यांनी उगीचच तोंड धुतलं.

मग हे रोजचंच झालं. चहा झाला की बोनेट वर. प्लग काढायचे, पुसायचे, बसवायचे. शेवटी झाकण उघडायचं आणि तोच सवाल. कधी ते बोट गोल गोल फिरवून दाखवायचे, जणू बोटालाच नाव आठवेल. दुपारी जेवायला बसले की तोंडात घास तसाच राहायचा. बुद्धपौर्णिमेला विहाराचे भोंगे दरवर्षी याच गाडीतून यायचे. पोरं विचारायला आली तर पंजाबराव खाली मान घालून म्हणाले, "गाडी नादुरुस्त आहे रे. माह्याच्यानं होऊन नाई राह्यली." असं वाक्य त्यांच्या तोंडून कांताबाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं.

एक दिवस त्यांनी सदाशिवरावांना बोलावलं. दोघं एकाच वर्कशॉपातले, एका डब्यात जेवलेले. सदाशिवरावांना राजदीपनं सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी झाकणात डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कॉइल गेली, पंजाब. जुनी गाडी आहे, पार्ट भेटत नाई आता."

पंजाबराव त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. कॉइल गेलेली नाही एवढं त्यांना कळत होतं. हा आपल्याशी खोटं बोलतोय, हेही.

"तूच नेला," ते एकदम म्हणाले. "इथचं सामान तूच काढून नेलं. चोर साला. निघ माह्या घरून!"

"पंजाब, ऐक त..."

"निघ!"

सदाशिवराव चपला घालून निघाले. फाटकाशी कांताबाई आडव्या आल्या. "भाऊजी, मनावर घेऊ नोका." त्यांनी मान हलवली. पण त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

त्या रात्री पंजाबराव जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी कांताबाईंनी ड्रॉवर उघडला. रोटर मुठीत धरून त्या मशीनपाशी बसल्या. द्यावा हातात, म्हणावं हे घ्या, हे असते तिथी. एकदा त्यांचा चेहरा फुलून येईल. मग डोळ्यांपुढे अंजू आली, प्लास्टरमधला पाय खाटेवर टाकून पडलेली. कांताबाईंनी ड्रॉवर लावून टाकला.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला होता. सकाळीच भिंती तापायच्या. कांताबाई नळाच्या पाण्याच्या नंबराला गेल्या आणि परतून पाहतात तर बोनेट उघडं, खुर्ची रिकामी.

काय घडलं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. बसस्टँडजवळच्या पार्टच्या दुकानात ते गेले होते. काय पाहिजे विचारल्यावर नाव सांगता येईना. बोट गोल फिरवून दाखवलं, "ते फिरते, काळं असते." दुकानातल्या पोरानं दोन-चार वस्तू पुढे ठेवल्या. पंजाबरावांनी एकेक हातात घेऊन परत केली. "यवतमाळले भेटन काका," पोरगा म्हणाला नि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आणि पंजाबराव यवतमाळच्या रस्त्यानं पायी चालू लागले. टोपी नाही, दुपट्टा नाही, पाण्याची बाटली नाही.

भर दुपारी एका एसटी ड्रायव्हरला ते रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या विरळ सावलीत पडलेले दिसले. त्यानं त्यांना ओळखलं, बसमध्येच टाकलं आणि यवतमाळला दवाखान्यात नेलं. अंग भट्टीसारखं होतं. जगतील की नाही याचा भरवसा कोणी देईना.

जगले. पण घरी आलं ते दुसरंच कोणीतरी. खुर्चीत बसवलं की बसून राहायचे, घास भरवला की गिळायचे. गाडी समोर उभी होती, तिच्याकडे नजर जायची नाही. बोनेटला हात नाही, सवाल नाही. "बरं झालं, एक घोर त गेला," राजदीप म्हणाला. कांताबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून अंगणात गेला.

पावसाआधी पुसदचं एक गिऱ्हाईक गाडी बघायला आलं. रोटर बसवायला इतक्या दिवसांनी सदाशिवराव आले. झाकण लावलं, सेल्फ मारला, आणि एवढे दिवस मुकी उभी असलेली गाडी पहिल्याच दणक्यात चालू झाली.

पंजाबरावांनी मान कलती केली. "कोणाची गाडी होय? चांगला आवाज आहे."

"तुमचीच त आहे," कांताबाई म्हणाल्या.

"माही? नाई बाई. माह्याकडं कुठची गाडी."

गाडी गेली. कांताबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या. "भाऊजी, म्या देल्ला असता त ते उन्हात गेले नसते."

"देल्ला असता त अजून एखादी अंजू रस्त्यावर पडली असती, वहिनी."

"तेही खरंच आहे. पण रोज मले विचारत होते न ते. रोज तोंडावर खोटं बोलली मी."

सदाशिवराव खुर्चीजवळ गेले. पंजाबरावांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती.

"कोठचे तुमी?"

"वर्कशॉपातला," सदाशिवराव म्हणाले.

"असं काय. बसा न मंग. चहा घेऊन जाजा."

सदाशिवराव बसले. कांताबाई उठल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.