मृणालिनी गैरहजर

मृणालिनीला कुणी सांगितलं होतं नसती उठाठेव करायला? कुणीच नाही. इथे न्यूझीलंडमध्ये शाळा सरकारी असली तरी तिचा कारभार पालकांनी निवडलेलं बोर्ड बघतं. रोटोटुनातल्या कोवाई ड्राइव्ह प्रायमरीत निवडणूक लागली, ही आपण होऊन उभी राहिली आणि निवडूनही आली. वर्षभरात कळून चुकलं की हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. महिन्यातून एकदा संध्याकाळी स्टाफरूममध्ये बसायचं आणि पॉलिसीतला स्वल्पविराम इकडचा तिकडे करायचा. सायकल स्टँड हिरवा रंगवायचा की निळा यावर एकदा पन्नास मिनिटं गेली. तिने घड्याळ लावून बघितली होती.

तरी ती टिकून होती, ती अनुष्कासाठी. अनुष्का सात वर्षांची, दोन्ही कानांना मशीन. शांत खोलीत तिला व्यवस्थित ऐकू येतं, गोंगाट झाला की मात्र शब्दांचा नुसता काला होतो. आणि जूनच्या मीटिंगला ठराव येणार होता की रूम चार, पाच आणि सहा यांच्यामधल्या भिंती पाडायच्या. ऐंशी मुलं, तीन शिक्षिका आणि एक मोठ्ठा हॉल. म्हणे, मॉडर्न लर्निंग! तेव्हा जिकडेतिकडे हेच खूळ निघालं होतं.

"भिंती पाडल्या की माझ्या पोरीची शाळा संपली," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग विरोधात मत दे ना," गुरुदत्त लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला. झालं! आयटीवाल्यांची उत्तरं अशीच, एका ओळीत.

त्या दिवशी ती ऑफिसातून मुद्दाम लवकर निघाली. एरवी ती पोचेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं होऊन गेलेली असायची, त्यामुळे मीटिंगचा पहिला विषय तिने वर्षभरात कधी ऐकलाच नव्हता. अजेंड्यावर तो 'अपॉलॉजीज' असा छापलेला असायचा, आणि तिची आपली समजूत अशी की ही माणसं भलतीच सभ्य, सुरुवातीलाच एकमेकांची माफी मागून मोकळी होतात. डब्यातून नारळाच्या वड्या घेऊन ती धापा टाकत आत शिरली तेव्हा सगळे जमले होते. अध्यक्ष ग्रँट तेवढा कामासाठी टौरंगाला होता, तो फोनवरून बोलत होता.

"अपॉलॉजीज?" फोनमधून आवाज आला.

सगळे आपल्याकडेच बघतायत असं तिला वाटलं. "येस, माय अपॉलॉजीज," ती म्हणाली. "सॉरी, पार्किंगच मिळेना."

"नो वरीज," म्हणत लॉरेनने वहीत काहीतरी खरडलं. लॉरेन म्हणजे बोर्डावरचीच एक आई, मीटिंगची टिपणं तीच घ्यायची.

मृणालिनी त्या दिवशी बोलली मात्र फर्डं. फोनवरच्या ग्रँटला वर केलेले हात दिसणार नव्हते, म्हणून प्रत्येकाने नाव घालून चिठ्ठीवर मत लिहिलं आणि ग्रँटने आपलं फोनवर सांगितलं. चिठ्ठ्या पाकिटात गेल्या. ऑफिसातल्या बाई मोजतील, लॉरेनच्या वहीवरून मिनिट्स, म्हणजे मीटिंगचं इतिवृत्त, टाइप करतील आणि निकाल ईमेलने कळेल, असं ठरलं. हिने डोकी आधीच मोजली होती. सातातली चार आपली. निश्चिंत झाली.

ईमेल आली ती सुट्टी लागायच्या दिवशी, सोबत तेवीस पानांची फाइल. हिने उघडली नाही. कशाला उघडायची? जिंकलो तर होतो!

दोन आठवड्यांनी शाळा उघडली आणि ही बघते तर काय, भिंती गायब. पार या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता गालिचा, बीनबॅगा आणि ऐंशी पोरांचा कल्ला. तिने तिथल्या तिथे फोनवर ती फाइल उघडली. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, 'अपॉलॉजीज: मृणालिनी.' तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अपॉलॉजीज म्हणजे, आज कोण येऊ शकलेलं नाही! ऑफिसातल्या बाई त्या मीटिंगला नव्हत्या. लॉरेनने 'अपॉलॉजीज' ऐकून सवयीने हिचं नाव टिपलं होतं; बाईंनी ती वही वाचली आणि गैरहजर सभासदाची चिठ्ठी बाद केली. तीन विरुद्ध तीन झालं, मग अध्यक्षाचं जादा मत. ग्रँटने ते भिंती पाडायच्या बाजूने दिलं.

जुलैत सुट्टीमुळे मीटिंग नव्हती. ऑगस्टच्या मीटिंगला ती अर्धा तास आधी जाऊन बसली.

"मागच्या मिनिट्समध्ये दुरुस्ती हवी. मी हजर होते," तिने सांगितलं.

"शुअर," ग्रँट म्हणाला. आता तो समोर बसला होता, चांगला माणूस, प्रेमळ डोळे. "फक्त एक आहे. आपल्या नियमाप्रमाणे दुरुस्ती त्या मीटिंगला हजर असलेल्यानेच मांडायची असते."

"अहो, मी होते ना हजर!"

"हो, पण मिनिट्सप्रमाणे तुम्ही नव्हतात."

कप्पाळ माझं! तिला वाटलं हा चेष्टा करतोय. पण तो अगदी गंभीरपणे नियमांचं पुस्तक चाळत होता.

"माझ्या हातच्या वड्या खाल्ल्यात तुम्ही सगळ्यांनी!"

"यम्मी होत्या," शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणाला. मुख्याध्यापिकांनीही मान हलवली. वड्या सगळ्यांना आठवत होत्या.

शेवटी लॉरेननेच रडवेल्या आवाजात दुरुस्ती मांडली. एकमताने मंजूर! मृणालिनी हजर होती, ठराव चार-तीनने पडला होता, आणि भिंती पाडल्या जायला नको होत्या. बैल गेला नि झोपा केला.

"मग भिंती परत कधी बांधताय?" तिने विचारलं.

सगळे ग्रँटकडे बघायला लागले. ते काम बांधकाम समितीकडे जाईल, तो म्हणाला. समिती नोव्हेंबरमध्ये अहवाल देईल. मग एकेक जण उठून तिच्याजवळ आला आणि अगदी मनापासून सॉरी म्हणाला. लॉरेनने तर मिठी मारली. मृणालिनीला त्या सगळ्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. त्याहून जास्त राग येत होता तो स्वतःचा. तेवीस पानं वाचवली नाहीत तुला? आणि गाडी लावायला जागा मिळाली नाही, यात माफी मागण्यासारखं काय होतं गं बये?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अनुष्काला सोडायला गेली. दाराबाहेर दप्तर टांगायचे हुक होते, आतून तो कल्ला येत होता. अनुष्काने दप्तर अडकवलं, मग सवयीने दोन्ही हात कानामागे नेले आणि मशीनची बटणं दाबली. एक इकडचं, एक तिकडचं.

"अनू, हे काय करतेस?" मृणालिनीने तिचा हात धरला. "रोज बंद करतेस?"

अनुष्काने आईच्या ओठांकडे नीट बघितलं आणि मान खाली घातली. "इट्स जस्ट नॉइज इन देअर, आई," ती पुटपुटली. "सॉरी."

"तू नाही सॉरी म्हणायचं!" मृणालिनी ओरडली. इतक्या मोठ्याने की आतल्या दोन शिक्षिकांनी वळून बघितलं. "तू कुणालाही सॉरी म्हणायचं नाहीस, कळलं?"

अनुष्का तोवर पाठ फिरवून आत निघाली होती. तिला ऐकूच गेलं नाही.