वनमालाबाई काय जेवल्या

भीमराजची अट साधी होती आणि ती त्याने लेकीला, रश्मीला, तोंडावर सांगितली होती. "हर्षद चांगला पोरगा आहे, मला पसंत आहे. पण त्याच्या आईने एकदा आपल्या घरी यावं, बसावं, आणि तुझ्या आईच्या हातचं पोटभर जेवावं. मग मी लग्नाला हो म्हणतो. त्याआधी नाही म्हणजे नाही."

आता यात अवघड काय होतं, सांगा! मानपान नको, कपडे नकोत, दागिने नकोत. पण तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

हर्षदची आई, वनमालाबाई, पहिल्यांदा गोरेगावहून घाटकोपरला यांच्या घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, मंगळवारचा उपास आहे. बरं, असतो बायकांचा. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, आज संकष्टी. रश्मीच्या आईने, राधाने, निदान चहा तरी घ्या म्हणून कप पुढे केला, तर त्यांना ॲसिडिटी झाली. त्या गेल्यावर भीमराज चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभा राहिला. संकष्टी होऊन आठवडा उलटला होता. बौद्धांच्या घरी संकष्टी कोण बघतंय, असंच वाटलं असणार बाईंना.

भीमराज लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं, काय बिघडलंय ते. ही बाई कुठे अडकलीय तेही त्याला कळत होतं, पण मानायचं नव्हतं. कारण बोलायला ती इतकी गोड होती! राधाचा हात हातात घेऊन बोलायची, रश्मीला "माझी बाय" म्हणायची. आता हिला वाईट म्हणावं तरी कसं, आणि चांगलं म्हणावं तर तो कपातला चहा साय धरून तसाच पडलेला.

मग रश्मीने डोकं लढवलं. "पप्पा, आपण बाहेरच जेवू. अंधेरीत एका हॉटेलात या रविवारी दुपारी किड्यांचं जेवण आहे."

"कशाचं?"

"किड्यांचं. नाकतोडे, रेशमाच्या अळ्या, लाल मुंग्यांची चटणी."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ऐका ना! ते आपल्या घरचंही जेवण नाही आणि त्यांच्या घरचंही नाही. सगळ्यांना सारखीच किळस येणार. कोण वर नाही, कोण खाली नाही. एकदा एका टेबलावर बसून हसलो ना, की पुढचं सोपं जाईल."

राधाने सरळ हात जोडले. "मी नाही यायची किडे खायला. मी माझा वरणभात लावते, तुम्ही या चरून."

भीमराजला काही कळेना. लेक वकिलीचं शिकली होती, तिचं काहीतरी बरोबर असेल, असं मनाशी म्हणत त्याने इस्त्रीचा शर्ट घातला.

हॉटेल छोटंसं होतं. हर्षद आणि वनमालाबाई आधीच येऊन बसले होते. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि चेहरा असा केला होता, की जणू दाताच्या डॉक्टरकडे आणलंय. भीमराजला बरं वाटलं. म्हटलं, चला, आज ही पण खाणार नाही, मीही खाणार नाही. फिट्टंफाट!

पहिली ताटली आली. तळलेले नाकतोडे, पायांसकट. वरून कांदा-मिरची.

"मेल्या हर्षद, ह्यां काय रे?" वनमालाबाई ओरडल्या.

"आई, कोलंबीसारखं लागतं. डोळे मिट आणि टाक तोंडात."

भीमराज बघत राहिला. बाईंनी एक नाकतोडा दोन बोटांत धरला, देवाचं नाव घेतलं आणि टाकला तोंडात. कुरुम कुरुम आवाज आला. मग त्यांनी एक डोळा उघडला.

"अरे, सुक्या सुंगटासारखो लागता हां!" सुकी कोलंबीच खातोय अशा थाटात म्हणाल्या, आणि दुसरा उचलला. मग तिसरा. मग अळ्यांच्या रश्शात पाव बुडवून खाल्ला, मुंग्यांची चटणी बोटाने चाटली आणि रश्मीला म्हणाल्या, "आंबट लागते गं, कोकमासारखी!" हर्षद हसत होता, रश्मी हसत होती. भीमराजच्या ताटलीतला नाकतोडा मात्र तसाच त्याच्याकडे बघत पडला होता.

तेवढ्यात आतून स्वयंपाक करणारी बाई हात पुसत बाहेर आली. नागालँडची होती. हिंदीत म्हणाली, "अच्छा लगा? मेरी माँ घर पे ऐसा ही बनाती है. आपके लिए मिरची थोडा कम डाला."

"बहुत अच्छा, बेटा," वनमालाबाई म्हणाल्या. "माँ को बोलना, मेरे को बहुत पसंद आया."

म्हणजे हे कुणाचंच जेवण नाही, हे रश्मीचं गणित तिथेच फसलं. हे चांगलं कुणाच्या तरी आईच्या हातचं, रोजचं घरचं जेवण होतं. त्या आईचं नाव, गाव, देव, धर्म काही म्हणजे काही वनमालाबाईंना ठाऊक नव्हतं, आणि त्या बोटं चाटत होत्या. भीमराजचं डोकं गरगरायला लागलं. या बाईला मुंग्या चालतात, अळ्या चालतात, अनोळखी बाईच्या आईची कृती चालते. मग आमचा चहा काय जहर होता? की खरंच ॲसिडिटी होती? माणूस इतकंही खोटं बोलतो का? त्याला रागही येत होता आणि आपण उगाच संशय घेतोय अशी लाजही वाटत होती.

शेवटी राहवेना तेव्हा तो बोललाच. "वनमालाताई, आज उपास नाही वाटतं?"

टेबलाखालून रश्मीने त्याच्या पायावर पाय दिला. बाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"नाही हो. आज रविवार ना."

"मग घरी चला. राधाने वरणभात लावलाय. एवढ्याशा ताटल्यांनी पोट कुठे भरतं?"

वनमालाबाईंनी मुलाकडे पाहिलं. हर्षद मान खाली घालून टेबलावरचे कण गोळा करत होता. तो काही मदतीला येत नाही हे बघून त्या म्हणाल्या, "चला."

खरं सांगायचं तर भीमराज या उत्तरासाठी तयारच नव्हता. नाही म्हणाली असती तर काय बोलायचं, ते त्याने जुळवून ठेवलं होतं. हो म्हटल्यावर काय करतात?

मेट्रोने चौघं घाटकोपरला उतरून घरी आले. दार उघडल्याबरोबर राधाची धांदल उडाली. "अगं बाई! फोन तरी करायचा!" तिने भाताला परत वाफ दिली, वांगं-बटाट्याची भाजी गरम केली, घाईघाईने ठेचा वाटला. ताटं मांडली. वनमालाबाई हात धुऊन बसल्या. भीमराज समोर उभाच. आता काय येतंय? डोकं दुखतंय? चक्कर येतेय?

बाईंनी वरणभात कालवला, घास घेतला. मग भाजी. मग ठेच्याला बोट लावलं आणि "आई आई गं, काय तिखट!" म्हणत डोळ्यांत पाणी आलेलं असतानाच परत बोट लावलं. राधा खुदकन हसली. भीमराजला मनापासून आनंद झाला होता. एवढा की राधाच्या हातातला डाव घेऊन तो स्वतःच भात वाढू लागला. झाली की अट पुरी! आपणच कोत्या मनाचे. बाईमाणसाला उगाच पारखत बसलो.

आणि वनमालाबाईंचा फोन वाजला.

"जयवंतकाका," हर्षद म्हणाला. हे वनमालाबाईंचे थोरले दीर. नवरा गेल्यापासून घरात शब्द त्यांचाच. बाईंचा हात वरणाने भरलेला, म्हणून हर्षदने फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यासमोर धरला.

"वनमाला, खंय आसस?"

"जेवतंय, भावजी."

"खंय जेवतस?"

बाईंनी एकदा भीमराजकडे पाहिलं, एकदा राधाकडे. मग फोनकडे तोंड करून हसत म्हणाल्या, "अंधेरीक हॉटेलात. हर्षद घेवन इलो. किडे खातंय, भावजी, किडे!"

पलीकडून मोठं गडगडाटी हसू आलं. "खा, खा! आता तांच रवलां व्हतां!"

फोन बंद झाला. राधा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. सकाळी कुकर लावताना तिला काय ठाऊक, की आपल्या वरणभातापेक्षा किडे सांगायला सोपे असतात.

"तोंडातून निघून गेलं हो," वनमालाबाई पुटपुटल्या. "गावात घर त्यांच्याबरोबर आहे. गणपतीला एकत्र बसावं लागतं..."

"मी परत लावतो काकांना," हर्षद फोन उचलत म्हणाला.

"आता लावतोस?" रश्मी कडाडली. "आता? फोन हातात होता तेव्हा काय झालं होतं तुला?"

"थांबा," भीमराज म्हणाला. त्याला कुणाचं म्हणणं खरं धरावं तेच उमगत नव्हतं. समोर बसलेली बाई त्याच्या घरचं जेवत होती, आवडीने जेवत होती, डोळ्यांनी दिसत होतं. आणि फोनवर तीच बाई त्याच्या घरी नव्हती. संताप असा आला होता की ताट उचलून बेसिनमध्ये टाकावं. आणि बाईंचा तो वरणाने माखलेला, अधांतरी थांबलेला हात बघून ते उचलवतही नव्हतं.

"रश्मी, तुला अजून हाच मुलगा करायचाय?"

रश्मीने हर्षदकडे बराच वेळ पाहिलं. "हो," ती म्हणाली. "पण आज त्याच्याशी बोलणार नाही."

"मग तारीख ठरवू," भीमराज म्हणाला. "मी शब्द दिलाय, त्या जेवल्यात. पण वनमालाताई, जयवंतरावांकडे पत्रिका घेऊन मी जाणार. राधाला घेऊन जाणार. आणि आज दुपारी तुम्ही कुठे बसून काय जेवलात, ते त्यांना मी सांगणार. पदार्थांच्या नावांनिशी. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसून नुसतं हो म्हणायचं."

वनमालाबाईंनी पाण्याचा पेला उचलला, सगळा रिकामा केला. मग ताट थोडं पुढे सरकवलं.

"अजून थोडा भात वाढा," त्या म्हणाल्या.

भीतीने म्हणाल्या, लाजेने म्हणाल्या की खरंच भूक होती, भीमराजला शेवटपर्यंत समजलं नाही. त्याने भात वाढला.