बाजूला बसलेलीचं मांजर

शी! आठवलं तरी अजून अंगावर काटा येतो. पहाटे डोळा उघडावा तर गळ्याशी काहीतरी ऊन ऊन, ओलं लागायचं. हात लावून बघावं तर ठकी. माझ्या सुनेचं, इंदूचं, मांजर. माझ्या हनुवटीखाली तोंड खुपसून, पंजांनी लुगडं तुडवत, घुरघुरत लाळ गाळत पडलेलं असायचं. हो, लाळ! प्रेमाचं भरतं आलं की त्या मेलीच्या तोंडाला धार लागायची.

दुसऱ्यांची मांजरं कशी, दुधापुरती येतात आणि शेपटी वर करून चालती होतात. ह्या बयेला माणसं लागायची. दारात भाजीवाली येवो, पोस्टमन येवो, नाहीतर कचेरीचा शिपाई समन्स घेऊन येवो, ही धावत जाऊन पायात लोळण घेणार. आमचे हे, म्हणजे सगळं नांदेड ज्यांना बापूसाहेब वकील म्हणायचं ते, ओसरीवर हैद्राबादेचा उर्दू अखबार उघडून बसले की ही त्यावर आडवी. आधी स्वतःचं ढुंगण चाटायचं आणि मग त्याच जिभेनं ह्यांची बोटं. आणि हे त्याच बोटांनी पानाला चुना लावून घेणार! मी एकदा चुन्याची डबीच उकिरड्यावर फेकली.

माझं सोवळं कडक. सोवळ्यात असले की पोटच्या पोराला शिवू देत नव्हते. पण ठकी पायात घोटाळायचीच. ओल्या लुगड्याला केस, वरणात केस, तुपात केस. एकदा तर नैवेद्याच्या पुरणात निघाला. मी घर डोक्यावर घेतलं, तर हे अखबारातून मान वर न काढता म्हणाले, "मांजराचा विटाळ नसतो. शास्त्रात आहे."

"शास्त्र लिहिणाऱ्याच्या पुरणात केस निघाला नसेल," मी म्हणाले.

महिन्याचे चार दिवस इंदू मागच्या पडवीत बाजूला बसायची. तिला कुणी शिवायचं नाही, ताट लांबून सरकवायचं. ठकी मात्र चारही दिवस तिच्या मांडीत, आणि तिथून उठली की थेट माझ्या चुलीपाशी! पाणी मारून बघितलं, केरसुणी फेकून बघितली. शेवटी पोत्यात घालून नावेतून गोदावरीपलीकडं सोडायला लावली. चौथ्या दिवशी नाववालाच तिला काखेत मारून दारात हजर. त्याच्याही गळ्यात पडली होती म्हणे. आल्या आल्या माझ्या पायावर डोकं घासायला लागली. लाज म्हणून नाही.

इंदूचे ते पडवीतले चार दिवस मी मोजत होते, लपवत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि दर महिन्याला इंदू पडवीत बसतच होती. मूल नाही, आणि त्या लाळगळतीला "माझं बाळ" म्हणायची. ते ऐकलं की माझं डोकंच फिरायचं. मीच मुलाच्या मागं लागले, दुसरी कर. आमचा रेणुकादास तहसिलीत मोहरीर. दिवसभर दुसऱ्यानं सांगितलेलं लिहून घ्यायची सवय. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." इंदूला मी तोंडावर सांगितलं, दुसरी घरात आली की तू नायगावला भावाकडं राहायचं, एका ओट्यावर दोन चुली मला नकोत. तिनं ठकीला मांडीत ओढलं. मांजराच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

माघात धर्माबादचे हणमंतराव अदालतीत पेशी होती म्हणून नांदेडला आले, आणि भाचीला सोबत घेऊन आले. बिजवराला द्यायची, आई-बाप नसलेली पोर. तिला बघायला आम्ही कशाला जायचं? तेच दाखवायला आले. इंदूचा नेमका दुसरा दिवस. बरंच झालं, समोर तरी येणार नाही, असं मी मनात म्हटलं.

पोरीचं नाव सिंधु. बारावं लागलेलं. पाटावर बसवली, नाव विचारलं तर मामाकडं बघायला लागली. बशी पुढं करताना पोहे सांडले. हणमंतरावांनी डोळे वटारले. तेवढ्यात ठकी कुठून उगवली, आणि सरळ पोरीच्या मांडीत. नाकाला नाक लावलं, गाल चाटला, लाळ गाळायला लागली. मी "छू! छू!" करून उठले. आणि ती पोरगी हसली. एक सुळा अजून अर्धाच आला होता तिचा.

पुरुष पत्रिका उघडून बसले. ठकी शेपटी उंच करून आत निघाली, आणि पोरगी तिच्यामागं. मला वाटलं, घर बघते आहे, बघू दे. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून मी उठले. मागच्या दाराशी जाते तर काय!

पोरगी इंदूच्या घोंगडीवर, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. दोघींच्या मांड्यांवर मिळून ठकी पसरलेली. इंदू तिची सुटलेली वेणी घालून देत होती आणि सांगत होती, "आत्याबाई उठायच्या आधी न्हाणीत पाणी भरून ठेवायचं. त्या ओरडतात, पण मनाला लावून घ्यायचं नाही. आमटीत गूळ जास्तच घालायचा, त्यांना लागतो."

"आणि रात्री भीती वाटली तर?" पोरीनं विचारलं.

"ही येते की झोपायला. गळ्याशी झोपते. मी जाताना हिला तुझ्यासाठी ठेवून जाणार आहे."

"तुम्ही कुठं जाणार?"

इंदूनं तिची मान सरळ केली. पेडाला पेड घालत राहिली.

मला वाटायचं, ही सवतीला शिव्याशाप देईल, निदान रडेल तरी. ती आपली तिला माझं घर शिकवत बसली होती! मला तिथं उभ्या उभ्या किळस आली, आणि ती सगळी माझी मला. काय करायला निघाले होते मी? एका पोरीला उचलून बाहेर फेकायचं आणि दुसरीला, अजून दात येणाऱ्या पोरीला, रेणुकादासाच्या खोलीत कोंबायचं. नातवासाठी!

मला फार विचार करता येत नाही, ओरडता येतं. मी ओसरीवर जाऊन ओरडले, "अहो हणमंतराव, काही वळण लावलं का पोरीला? बाजूला बसलेल्या बाईला शिवून बसली की तिच्या घोंगडीवर! असली मुलगी आमच्या चुलीला चालायची नाही. उठवा तिला!"

हे तोंड उघडणार होते. मी असं बघितलं की मिटलं. आतल्या आत मी खूष झाले होते, खोटं कशाला बोलू? एका ओरडण्यात दोघी सुटल्या असं वाटलं.

हणमंतराव भांडतील, गयावया करतील, असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे पत्रिकेची घडी घातली आणि पागोटं डोक्यावर ठेवलं. म्हणाले, "हरकत नाही, वहिनी. देगलूरचे एक आहेत विचारत. छप्पन्न वय, दोन बायका झाल्या. तिथं सोवळंओवळं कुणी बघत नाही." आणि आत बघून हाक मारली, "सिंधे, चल."

पोरगी बाहेर आली. काय चुकलं ते तिला कळलं नव्हतं, पण चुकलं एवढं कळलं होतं. टांग्यात चढताना ती माझ्या पाया पडली. माझ्या! मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं. पण थांबा म्हणजे इंदू नायगावला. मी तोंड मिटलं. टांगा गेला. ठकी तोवर टांगेवाल्याच्या पायातही लोळून आली होती.

संध्याकाळी रेणुकादासानं चपला काढता काढता विचारलं, "काय ठरलं?"

"काही नाही. ह्या घरात दुसरी येणार नाही. पुन्हा विषय काढायचा नाही."

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला, आणि जेवताना दोनदा आमटी मागून घेतली. शी! हा माझ्याच पोटचा.

चौथ्या दिवशी इंदू न्हाऊन स्वयंपाकघरात आली. मला वाटलं, पायांवर डोकं ठेवील. ती तांदूळ निवडायला बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, ती फार भीत होती हो." एवढंच.

वैशाखात देगलूरच्या लग्नाची पत्रिका आली. ओळखीचं घर म्हणून हे गेले. मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. परत आल्यावर ह्यांना पाणी दिलं आणि विचारू नये ते विचारलंच. ह्यांनी आधी तांब्या रिकामा केला. मग म्हणाले, "पोर बोहल्यावरच झोपली होती. मामानं चिमटा काढून उठवली."

मी मागच्या दारी गेले आणि भडाभडा ओकले. पोटात होतं नव्हतं ते सगळं पडलं. आतून इंदू विचारत होती, "आत्याबाई, काय झालं?" काय सांगणार? की तू माझ्या घरात राहिलीस ती त्या पोरीच्या जिवावर? आणि देवाशपथ सांगते, तोच टांगा आज पुन्हा दारात उभा राहिला, तरी मी तोंड मिटूनच घेईन.