आखाड्यातलं पाणी

"खारट!" लुदिविनानं घोट थुंकला आणि पेला इंजिनियर मारिवेलपुढे धरला. "घे, तूही चाख."

मारिवेलनं ओठ लावले न लावले तोच तोंड वाकडं केलं. "नांग, हा तर समुद्रच आहे!" वयानं मोठ्या बाईला इथे नांग म्हणत, पुरुषाला नोंग.

सान विदाल नगरपालिकेच्या तीन नव्या बोअर मारायचं कंत्राट लुदिविनाकडे होतं. डोंगराकडच्या दोन्हींना गोडं पाणी लागलं होतं. ही तिसरी मासळीबाजारामागची. इथली माणसं अजून टँकरची वाट बघत जगत होती. आणखी खाली गेलं तर खारेपणा वाढणार, हे दोघींनाही दिसत होतं.

"वर सरकायला हवं," मारिवेल चढाकडे बघत म्हणाली. "पण तिथे नोंग तेर्योचा आखाडा आहे."

जागा नगरपालिकेची होती. पण तेर्योच्या कोंबड्यांच्या झुंजींना हात लावायची नगराध्यक्षांचीही छाती नव्हती.

"मी बोलते," लुदिविना म्हणाली. नवरा गेल्यावर बोअरची गाडी विकून टाक, असं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. गाडीवरच्या पोरांवर मग कोण ओरडणार, असं म्हणून तिनं ती ठेवली होती.

तेर्यो बगलेत कोंबडा घेऊन बसला होता. भोवती चारपाच रिकामटेकडे.

"नोंग, आखाडा नको. खुराडी आहेत तो कोपरा द्या फक्त."

"तुझ्या मशीनच्या आवाजानं माझे कोंबडे बिथरतील. मग रविवारी लढतील का?"

"मशीनला बिचकतो तो झुंजीत काय दिवे लावणार?"

माणसं खो खो हसली. तेर्यो लाल झाला. "नवऱ्याला पाठव. मी पुरुषाशी बोलीन."

"तो स्मशानात आहे. तुम्हीच जाऊन या त्याच्याकडे."

हसणं थांबलं. तेर्योनं डोक्यावरची टोपी काढली. "मला माहीत नव्हतं गं," तो पुटपुटला. पण कोपरा देतो असं काही म्हणाला नाही.

एवढ्यात त्याची बायको इसिंग चढ चढून आली. खांद्यावरच्या काठीला लटकवलेले पाण्याचे दोन्ही डबे खाली टेकवून तिनं दम घेतला. "कसला कोपरा?"

लुदिविनानं सांगितलं. इसिंगनं एकदा डब्यांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"यातलं निम्मं तुमचे कोंबडेच पितात," ती म्हणाली. तिनं पहिलं खुराडं उचललं आणि सरळ घरात चालू लागली.

"अगं, कुठे नेतेस?"

"तुमच्या खाटेखाली. आजपासून तिथेच झोपतील."

मग रिकामटेकडेही उठले. बघता बघता कोपरा मोकळा झाला.

कोंबडे बिथरले नाहीत. उलट गाडी सुरू झाली की तेही तिच्यापेक्षा मोठ्यानं आरवायचे. तेर्यो कौतुकानं सगळ्यांना बोलावून ते ऐकवायचा. चिखल आला, मग वाळू, मग गोटे, आणि एका दुपारी पाणी उसळलं. ते निवळायला बराच वेळ गेला. लुदिविनानं पेला भरला, पण तोंडाशी नेववेना. तिनं तो इसिंगला दिला.

इसिंगनं पेला संपवला. चेहरा मख्ख.

"नांग, बोल की काहीतरी!" मारिवेल ओरडली.

"नीट कळलं नाही," इसिंग म्हणाली. "आणखी एक दे."

लुदिविना मटकन चिखलातच बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पाण्याची तपासणी झाली, पाईप पडले, आणि मासळीबाजारात नळ सुरू झाला त्या सकाळी लुदिविना शेजारच्या गावच्या कामावरून मुद्दाम वाट वाकडी करून आली. नगराध्यक्ष भाषण करून निघून गेले होते. बादल्यांची ही गर्दी. ती हातातली बाटली पुढे करून नळाकडे वाकली.

"ओ मावशी!" कडेवर मूल घेतलेली एक कोळीण कडाडली. "रांग दिसत नाही का? मागे जा!"

बाजूला उभ्या मारिवेलनं तोंड उघडलं. लुदिविनानं तिचा हात दाबला.

"चुकलं गं बाई," ती म्हणाली आणि बाजाराच्या टोकाला, रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढचा माणूस पाऊलभर सरकला, तशी तीही सरकली.