पत्रा मुंबईला, मी डब्यात

मी आठ नंबरचा ब्रश बोलतोय, लातूरच्या गुरुपादप्पा पेंटरचा. आधीच कबूल करतो, माझ्या पोटात दुखतंय, आणि तेही एका गंजक्या पत्र्यामुळे.

भूकंपानंतर निलंग्याकडे माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागली. दारांवर नावं लिहायला आम्ही गेलो. तिथल्याच एका शेडमधल्या चतुराबाईंची लेक शरणम्मा त्या भूकंपात गेली होती. "भिंतीवर कोळशानं राघू काढायचं माझं लेकरू. तसाच काढा," त्या म्हणाल्या. मालकांनी मला हिरव्या रंगात बुडवून दाराच्या पत्र्यावर एका फटक्यात पंख ओढला. बाई रडल्या, त्या पत्र्याला हात लावून. माझ्याकडे कोण बघतंय!

पुढे त्यांचं पक्कं घर झालं, दार भंगारात आलं. मालकांनी ओळखून ते विकत घेतलं. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघत होते. राघू मागे ठेवून पुढच्या बाजूला आम्ही एका क्लासच्या पाटीसाठी 'डॉक्टर व्हा' लिहिलं. मग फ्लेक्स आले. पत्रा परत आला आणि आम्ही दोघंही दुकानात पडून राहिलो.

गेल्या आठवड्यात मुंबईचा गॅलरीवाला आला. पत्रा उलटसुलट करत म्हणाला, "मागे भूकंप, पुढे क्लास! हीच खरी समकालीन कला. फक्त सही करा." सही केली माझ्याच केसांनी, आणि मऊ कापडात गुंडाळून नेलं कुणाला? पत्र्याला! आयत्या बिळावर नागोबा. त्या आनंदात मालक मला धुवायलाच विसरले. माझे केस लाकडासारखे झाले.

आज चतुराबाई एस्टीनं आल्या. "राघू इकला म्हणं? मला इचारलं बी न्हाई."

मालकांनी मान खाली घातली. मग नवा पत्रा काढला, नवा कोरा ब्रश घेतला. माझा किती जळफळाट झाला म्हणून सांगू! राघू बघून बाई म्हणाल्या, "अण्णा, ही तर कोंबडी हाय."

मी मनातल्या मनात नाचलो. वर्षानुवर्षं मालकांच्या हातानं मी एका अंगाला झिजलोय. तो पंख दुसऱ्या कुणाला कसा जमेल?

"केस सुटतेल का ह्याचे?" जुना राघू काढणारा ब्रश म्हणून मालकांनी मला उचललं, तसं बाईंनी विचारलं.

"बघू," म्हणत मालकांनी मला टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवलं. आता दोघं डब्याकडेच बघत बसलेत.

त्या पत्र्याला मुंबई लखलाभ. देवा, माझे केस तेवढे सुटू दे. बाईंची गाडी पाचला आहे.