घटकेच्या वाटीतली फी

मी एक जुनी तांब्याची वाटी आहे, मित्रांनो. नुसती वाटी म्हटले की तुम्ही माझ्यात वरण वाढून घ्याल, म्हणून आधीच सांगते: माझ्या बुडाला भोक आहे. ते पडलेले नाही, पाडलेले आहे, आणि माझी सगळी अब्रू त्या भोकात आहे. पाण्याने भरलेल्या घंगाळात मला अलगद सोडले की भोकातून बारीक धारेने पाणी आत येते, मी भरत जाते आणि बरोबर एक घटका झाली की डुबकन तळाशी जाते. एक घटका म्हणजे तुमची चोवीस मिनिटे. मला वर काढून पुन्हा सोडले की दुसरी घटका सुरू. माणसांची घटका भरली म्हणजे घरात रडारड होते. माझी दिवसातून साठ वेळा भरते आणि मला काहीसुद्धा होत नाही.

मला कल्याणच्या एका तांबटाने घडवले. वाटी ठोकायला त्याला एक दिवस लागला आणि भोक पाडायला सव्वा महिना. भोक केसभर मोठे झाले तर घटका आखूड होते, बारीक राहिले तर लांबते. माझ्या आधीच्या नऊ वाट्या त्याने मोडीत टाकल्या, मी दहावी. इतकी पारखून जन्माला आल्यामुळे माझ्या अंगात थोडा ताठा आहे, हे मी कबूल करते.

कल्याणच्या मामलेदार कचेरीच्या आवारात एक छोटी खोली होती. तिथे मी आणि माझे घंगाळ. घटका मोजायची नोकरी त्र्यंबकराव जोशी यांची, आणि त्यांचे बिऱ्हाडही त्या खोलीला लागूनच. मी बुडाले की ते खिडकीतून हात दाखवत आणि बाहेर पंढरी शिपाई टांगलेल्या काशाच्या थाळीवर टोला देई. त्या टोल्यावर गाव उठे, जेवे, दुकाने लावी. पगार त्र्यंबकरावांचा होता, पण नोकरी दोघांची होती. ते स्नानाला, जेवायला, झोपायला गेले की त्यांच्या पत्नी गोदूबाई माझ्यापाशी बसत. हाताने वाती वळत, तांदूळ निवडत, आणि डोळा माझ्यावर. खरे सांगायचे तर त्र्यंबकरावांना माझ्यासमोर कधीकधी डुलकी लागे. गोदूबाईंना कधीच लागली नाही.

त्यांचा मुलगा हरिहर माझ्याच शेजारी बसून शिकला. दोन घटका गणित, एक घटका इंग्रजी, असा त्याचा नेम. गणिताच्या घटका आखूड आहेत आणि इंग्रजीची लांब आहे, अशी त्याची तक्रार असे. मी सगळ्या सारख्याच मोजल्या होत्या. त्याला ते शेवटपर्यंत पटले नाही.

अठराशे ऐंशीच्या पुढेमागे, एका मार्गशीर्षात हरिहर मॅट्रिकची परीक्षा पास झाला. बातमी कळताच पंढरीने आनंदाच्या भरात वेळ झालेली नसताना थाळीवर टोला हाणला, आणि अर्ध्या गावाने जेवणे उरकून घेतली. मला फार राग आला होता, पण हरिहरचा चेहरा पाहून मी तो गिळला.

त्याच आठवड्यात कचेरीत गवताने भरलेली एक मोठी पेटी आली. पेटीतून घड्याळ निघाले. पांढरी तबकडी, काळे काटे आणि स्वतःच टोले देणारे. पाठोपाठ हुकूम निघाला की आता घटका मोजण्याची जरुरी नाही, जोशींनी आठ दिवसांत खोली रिकामी करावी. पंढरीची नोकरी वाचली. घड्याळाला किल्ली द्यायला माणूस लागतोच.

मित्रांनो, नोकरी जायची म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. हरिहरला मुंबईच्या कॉलेजात जायचे होते. राहायची सोय गिरगावात आत्याकडे झाली होती, पण पहिल्या सहामाहीची फी साठ रुपये होती आणि ती जानेवारीच्या दहा तारखेला दुपारी बारापर्यंत भरायची होती. त्र्यंबकरावांचा पगार होता आठ रुपये, आणि तोही आता नव्हता.

"मी मालधक्क्यावर कारकून होतो," हरिहर म्हणाला. "बारा रुपये देतात. परवा विचारून आलोय."

"बारा रुपयांवर बसलास तर जन्मभर बाराच वाजतील," गोदूबाई म्हणाल्या. "गप्प बस आणि पुस्तक उघड."

"पण आई, फी आणायची कुठून?"

"ते तुला गणितात विचारलंय का?"

 दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव मला उपरण्यात गुंडाळून तांबटआळीत विकायला घेऊन गेले. तिथल्या एका नव्या तांबटाने मला उलटीपालटी केली आणि म्हणाला, "बुडाला भोक आहे. सहा आणे देईन." मित्रांनो, इतका अपमान माझा कधी झाला नव्हता. त्र्यंबकरावांचाही झाला असावा, कारण ते मला घेऊन तसेच परतले.

जोशी कुटुंब विश्रामशेठ या तांदळाच्या व्यापाऱ्यांच्या वाडीत भाड्याच्या खोलीत राहायला गेले. तिथे पहिल्याच सकाळी सूर्य उगवायच्या वेळी गोदूबाईंनी अंगणात घंगाळ मांडले आणि मला पाण्यात सोडले.

"अगं, आता कुणासाठी मोजतेस?" त्र्यंबकरावांनी विचारले.

"आपल्याला कामावरून कमी केलंय, सूर्याला नाही ना केलं?" गोदूबाई म्हणाल्या, आणि शेजारी तांदूळ निवडायला बसल्या. मला अगदी भरून आले, आणि ते पाण्याने नव्हे.

पंधरा दिवसांनी विश्रामशेठच्या मुलीचे लग्न त्याच वाडीत होते. वरपक्ष ठाण्याचा. नवऱ्या मुलाचे वडीलही बडे व्यापारी, कोटाच्या खिशात साखळीचे घड्याळ. मुहूर्त साडेअकराचा. कचेरीच्या घड्याळात साडेअकरा होताच विश्रामशेठनी सांगितले, "अंतरपाट धरा." त्यावर व्याह्यांनी खिशातले घड्याळ काढले. त्यात अकराच वाजले होते.

"अजून अर्धा तास आहे," ते म्हणाले. "मुलगा बोहल्यावर येणार नाही."

"सरकारी घड्याळ खोटं म्हणता?"

"आमचं मुंबईहून लावून आणलंय. मुंबई खोटी म्हणता?"

खोटे कुणाचेच नव्हते. त्या काळी आगगाड्या मद्रासच्या वेळेवर चालत आणि ती आपल्याकडच्या वेळेच्या अर्धा तास पुढे असे. कचेरीचे नवे घड्याळ पंढरीने स्टेशनातल्या घड्याळावरून लावले होते. पण हे समजून घ्यायला मांडवात कुणाला सवड नव्हती. आवाज चढले. वरपक्षाच्या बायका गाठोडी आवरू लागल्या, आणि आत नवरी मुलगी मुंडावळ्या बांधून रडायला लागली.

तेवढ्यात गोदूबाई भटजींना म्हणाल्या, "गुरुजी, पंचांगात मुहूर्त किती घटकांवर आहे?"

"सूर्योदयापासून साडेबारा घटका."

"मग भांडता कशाला? सकाळपासून अकरा बुडाल्या आणि बारावी पाव भरलीय. अजून सव्वा घटका अवकाश आहे. तेवढ्यात मुलीला थोडं दूध द्या, सकाळपासून उपाशी आहे ती."

सगळा मांडव अंगणात लोटला. त्र्यंबकराव लाजेने लग्नाला गेले नव्हते. ते माझ्यापाशीच बसले होते. एवढी माणसे पाहून ते गडबडीने उठून उभे राहिले. मी शांतपणे भरत होते. मला पाहताच दोन्ही व्याह्यांची कळी खुलली. मी त्या दोघांपैकी कुणाचीच नव्हते ना. विश्रामशेठनी माझ्यापुढे माघार घेतली, व्याह्यांच्या घड्याळापुढे नाही, आणि दोघांचीही लाज राहिली. घंगाळाची एक कडी विश्रामशेठनी धरली, दुसरी व्याह्यांनी, आणि पाणी न हिंदकळू देता त्या दोन जाड्या माणसांनी मला पावलापावलाने मांडवात नेले. लोक हसून बेजार झाले. त्यानंतर मी एकदा पूर्ण बुडाले, पुन्हा सोडली गेले, आणि अर्धी भरताक्षणी त्र्यंबकरावांनी हात वर केला. अक्षता पडल्या.

विश्रामशेठनी मला कोरडी पुसून घेतली आणि घटकेची दक्षिणा म्हणून माझ्यात पाच रुपये टाकले. व्याह्यांनी दहा टाकले. विश्रामशेठनी ते पाहून आणखी दहा टाकले. इथे पंढरीला राहवले नाही. इतकी वर्षे टोले देऊन त्याला मोठ्याने बोलायची सवय होती. तो ओरडला, "जोशीबुवांचा हरिहर मॅट्रिक झालाय. कॉलेजची फी भरायचीय. बघा बुवा, कुणाची बाजू मोठी ते."

त्र्यंबकराव संकोचून म्हणाले, "अहो, आम्हाला दान नको."

"दान कसलं?" व्याही म्हणाले. "हा मुहूर्त तुम्ही सांभाळलात. आमचा मुलगा परत गेला असता तर केवढ्याला पडलं असतं?" आणि मग दोन्ही बाजूंच्या काकांना, मामांना, आत्यांना चेव चढला. मित्रांनो, इतकी वर्षे मी पाण्याने भरले होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझी घटका रुपयांनी भरली, आणि फी पुरी होऊन पेढ्यांपुरते वर उरले.

दहा तारखेला सकाळी गोदूबाईंनी फीचे रुपये माझ्यात घालून वर फडके बांधले आणि मला हरिहरच्या पिशवीत ठेवले. म्हणजे गंमत बघा. वेळ मोजायची सर्वांत जास्त गरज होती, त्याच दिवशी माझ्या पोटात रुपये. गाडी साडेआठची. कचेरीवरून जाताना त्र्यंबकरावांनी घड्याळ पाहिले. आठ वाजून पाच मिनिटे.

"हे स्टेशनचंच घड्याळ," ते म्हणाले. "सावकाश चला."

तिघे सावकाश चालत स्टेशनवर पोचले, तर गाडी निघून गेलेली. मागून पंढरी धापा टाकत आला. त्या लग्नाला मामलेदारसाहेबही होते. तो गोंधळ पाहून त्यांनी कचेरीचे घड्याळ गावच्या वेळेवर लावायचा हुकूम दिला होता, आणि पंढरीने आदल्या संध्याकाळीच काटे अर्धा तास मागे फिरवले होते.

"बुवा, तुमचीच वेळ लावली की," पंढरी म्हणाला. "सकाळी येऊन सांगणार होतो."

त्र्यंबकराव बाकावर बसले.  "साऱ्या गावाला वेळ सांगितली आणि पोराच्या वेळेला चुकलो," ते म्हणाले.

गोदूबाईंनाही रडू येत होते, पण त्या म्हणाल्या, "उठा. दुसरी गाडी आहे ना. हरिहर, मुंबईला उतरलास की पळायचं."

दुसरी गाडी बोरीबंदरला पोचली तेव्हा स्टेशनच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटे झाली होती. हरिहर घड्याळाकडे बघत उभा राहिला.  मग तो आईचे ऐकून पळाला. पळताना रुपये माझ्या अंगावर आपटत होते, पण मी तक्रार केली नाही. कॉलेजच्या फाटकाशी त्याने वर पाहिले आणि एकदम मोठ्याने हसला. तिथल्या घड्याळात पावणेबारा झाले होते. गाड्या मद्रासच्या वेळेने पळोत, मुंबई शहर आपल्याच वेळेवर चालत होते. कल्याणला हरवलेली सव्वा घटका हरिहरला कॉलेजच्या दारात सापडली.

फी घेणारे कारकून वयस्कर होते. त्यांनी रुपये मोजून घेतले आणि मोठे रजिस्टर उघडले.

"वडील काय करतात?"

नोकरी गेली म्हणायला हरिहरची जीभ रेटेना. तो म्हणाला, "घटका मोजतात."

कारकुनांनी लेखणी खाली ठेवली. "अरेरे. किती दिवस झाले?"

"वीस वर्षं."

"वीस वर्षं घटका मोजताहेत? आणि आई?"

"तीही तेच करते."

कारकुनांचा चेहरा पाहून हरिहरच्या लक्षात घोटाळा आला. त्याने मला टेबलावर पालथी घातली आणि भोक दाखवले. ते कारकून इतके हसले की शेजारच्या खोलीतली माणसे डोकावली. मग डोळे पुसून त्यांनी रकान्यात लिहिले, 'टाइमकीपर'.

संध्याकाळी हरिहरने घरी हे सांगितले तेव्हा त्र्यंबकरावांनी तो शब्द दोनदा म्हणवून घेतला. "टाइमकीपर," ते हळूच म्हणाले आणि ताठ बसले. महिन्याभरात मी त्यांना ताठ बसलेले पाहिले नव्हते.

"आणि माझं काय लिहिलं?" गोदूबाईंनी विचारले.

"आई, तिथं रकाना एकच आहे. वडिलांचा."

"मग रकाना लहान आहे त्यांचा," गोदूबाई म्हणाल्या, आणि मला धुवायला घेऊन गेल्या.

पुढच्या लग्नसराईत कल्याणपासून भिवंडी-ठाण्यापर्यंत मला बोलावणी येऊ लागली. जिथे दोन घड्याळे भांडत तिथे मी जाई. अशी हरिहरच्या सगळ्या सहामाह्यांची फी निघाली आणि तो बी. ए. झाला. आता तो ठाण्याच्या शाळेत गणित शिकवतो, टेंभी नाक्याजवळ राहतो, आणि आईवडील त्याच्याजवळच आहेत. मी फडताळात असते. मला चिंचेने घासा, हरकत नाही, पण भोकाला जपा. ते मोठे झाले तर मी खोटे बोलू लागेन.

आणि मित्रांनो, एक मागणे आहे. उद्या तुम्हीही शाळा-कॉलेजात नाव घालायला जाल आणि कुणीतरी विचारील, घरी कोण काय करते. ज्यांची नोकरी गेली त्यांचेही काम सांगा, आणि ज्यांना कधी पगारच नव्हता त्यांचेही सांगा. रकाना लहान पडला तर कडेच्या कोऱ्या जागेत लिहा, पण दोघांची नावे लिहा.